तुम्ही विचारलंत म्हणून : बेरोजगारी तीन टक्के, मग घरोघरी पोरं रिकामी कशी?

‘राज्यात बेरोजगारी तीन टक्क्यांच्या आसपास आहे म्हणतात. आमच्या मोहल्ल्यात तर एक घर सोडून एक पोरगा रिकामा बसलेला आहे. मग हा आकडा खोटा का?’ नागपुरात रोजगाराची आकडेवारी वाचणाऱ्या कुणालाही हा प्रश्न हमखास विचारला जातो. लग्नात, बँकेच्या रांगेत, पोरगा पदवीधर झाल्यावर तर नक्कीच.

आकडा खोटा नाही. पण तुम्ही जे विचारता, त्याचं ते उत्तर नाही.

हा आकडा राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या श्रमबल सर्वेक्षणातून येतो. त्याला पीएलएफएस म्हणतात. एप्रिल २०१७ पासून ते सुरू आहे, त्याआधी असं मोठं सर्वेक्षण साधारण पाच वर्षांनी व्हायचं. यात बेरोजगारीचा दर काढताना भागाकार सगळ्या लोकसंख्येने होत नाही, फक्त श्रमबलाने होतो. काम करणारे अधिक काम शोधणारे किंवा मिळालं तर करायला तयार असणारे, म्हणजे श्रमबल. जो शिकतो आहे, घर सांभाळतो आहे किंवा थकून काम शोधणं सोडून आता मिळालं तरी करायला तयार नाही, तो या हिशोबात येतच नाही.

समजा एका वस्तीत पंधरा वर्षांवरची १००० माणसं आहेत. हे आकडे निव्वळ समजण्यासाठी घेतलेले आहेत. त्यातली ६०० श्रमबलात आहेत, ५८० काम करतात आणि २० शोधात आहेत. दर झाला ३.३ टक्के. आता त्याच वस्तीतली १५ ते २९ वयाची ३०० मुलंमुली वेगळी काढा. त्यातली १४० श्रमबलात आहेत आणि २० बेरोजगारांपैकी १५ या वयातले आहेत. त्यांचा दर झाला १०.७ टक्के. तिशीपुढच्यांचा दर जेमतेम एक टक्का. देशाचं चित्रही असंच आहे: २०२३-२४ मध्ये एकूण दर ३.२ टक्के आणि तरुणांचा १०.२ टक्के. उरलेल्या १६० तरुणांमध्ये कॉलेजची मुलं आहेत, घरकामात अडकलेल्या मुली आहेत आणि अभ्यासिकेत बसून एमपीएससीची किंवा मैदानावर पोलीस भरतीची तयारी करणारी मुलंही आहेत. अशा मुलाची नोंद कशात पडेल, हे प्रगणकाला मिळणाऱ्या उत्तरावर ठरतं. ‘शिकतो आहे’ म्हटलं की तो विद्यार्थी. ‘काम मिळालं तर करेन, शोधतो आहे’ म्हटलं की बेरोजगार. मोहल्ल्यात मात्र दोघंही सारखेच रिकामे दिसतात. त्यामुळे दर वाचताना आधी वय विचारा. माझ्या मते आपल्याकडे १५ ते २९ चा दर हाच ठळक अक्षरांत छापला पाहिजे, एकूण दर खाली बारीक छापला तरी चालेल.

यापेक्षाही जास्त गोंधळ ‘काम’ कशाला म्हणायचं यावरून होतो. विदर्भाचं खरं दुखणं तिथेच लपतं.

वार्षिक अहवालातला जो दर ठळक बातमीत येतो, तो ‘नेहमीच्या स्थिती’चा असतो. त्यात मागच्या ३६५ दिवसांकडे पाहिलं जातं. मुख्य स्थिती कोणती, हे माणसाचा जास्त वेळ कशात गेला त्यावर ठरतं. पण त्याला दुय्यम कामाची जोड दिली जाते, आणि दुय्यम काम वर्षात ३० दिवस झालं असलं तरी पुरतं. आता मौदा किंवा रामटेककडचा भूमिहीन मजूर घ्या. जुलै-ऑगस्टमध्ये धानाची रोवणी, नोव्हेंबरात कापणी, मधे काही दिवस निंदण. सगळं मिळून चार महिने हाताला काम आणि आठ महिने शोध. मुख्य स्थितीने तो बेरोजगार ठरतो. पण तीसपेक्षा जास्त दिवस काम झालं आहे, म्हणून शेवटच्या आकड्यात तो ‘काम करणारा’ होतो. काटोल-नरखेडकडे संत्रा तोडणारा आणि सावनेर-कळमेश्वरकडे कापूस वेचणारी बाई यांचंही तेच. भिवापूर-मांढळच्या सातऱ्यांवर मिरचीचे देठ खुडणाऱ्या बाया, गडचिरोली-गोंदियात एप्रिल-मे महिन्यात तेंदूपत्ता तोडणारी कुटुंबं, वर्षभरात मिळून तीस दिवस भरले की सगळीच कामावर धरली जातात. सोयाबीनच्या सोंगणीला आणि धानाच्या कापणीला हार्वेस्टर आल्यापासून या दिवसांतले बरेच दिवस कमी झाले. त्याने दर मात्र हलत नाही, जोवर काम तीस दिवसांच्या वर राहतं.

म्हणून गरीब जिल्ह्यात बेरोजगारीचा दर कमी दिसला तर आनंद मानू नका. रिकामं बसायलाही घरात कुणाची तरी कमाई लागते. ज्याला आज संध्याकाळचा तांदूळ आणायचा आहे, तो ठिय्यावर, म्हणजे रोजंदारीचे मजूर मिळतात त्या चौकात, उभा राहतो, मिळेल त्या दराने जातो आणि आकड्यात रोजगारवाला होतो. पदवीधर मुलगा बापाच्या पगारावर दोन वर्षं थांबू शकतो, म्हणून शिकलेल्यांचा दर जास्त दिसतो. शिक्षणामुळे बेकारी वाढते, असा अर्थ यातून काढणं साफ चूक आहे.

घरच्या दुकानात किंवा शेतात बिनपगारी राबणाराही ‘मदतनीस’ म्हणून कामावर धरला जातो. देशात पंधरा वर्षांवरच्या बायकांचा श्रमबलातला वाटा २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्के झाला. वाढ मोठी आहे. पण तिचा मोठा भाग स्वयंरोजगाराचा आहे, आणि त्यात हातात पैसा न येणाऱ्या अशा मदतनीस बायका पुष्कळ आहेत. त्या राबत होत्याच, आता मोजल्या जाऊ लागल्या असाही याचा एक भाग असू शकतो. हे वेगळं काढायचं असेल तर अहवालातला ‘रोजगाराचा प्रकार’ हा तक्ता उघडा: स्वयंरोजगार, नियमित पगारी, रोजंदारी. मी कोणत्याही राज्याचा अहवाल हाती घेतला की आधी तोच तक्ता पाहतो.

दुसरं माप ‘चालू साप्ताहिक स्थिती’चं आहे. मागच्या सात दिवसांत निदान एका दिवशी एक तास काम केलं असेल तर माणूस कामावर. हे ऐकून लोकांना वाटतं, मग यात बेरोजगारी आणखी कमी येईल. उलट ती जास्त येते, कारण वर्षभरातले जुने तीस दिवस इथे मदतीला येत नाहीत. रोवणी संपल्यानंतरचा रिकामा आठवडा रिकामाच मोजला जातो. जानेवारी २०२५ पासून सर्वेक्षणाची रचना बदलली, दर महिन्याचे आकडे येऊ लागले आणि ते या साप्ताहिक मापाने येतात. एप्रिल २०२५ चा पहिला मासिक आकडा देशासाठी ५.१ टक्के होता. त्याच्या शेजारी आधीच्या वर्षाचा ३.२ टक्के ठेवून ‘बेरोजगारी वाढली’ म्हणणं चूक आहे. मापं वेगळी आहेत आणि नमुन्याची रचनाही वेगळी. आता वार्षिक अहवालही जुलै-जूनऐवजी जानेवारी-डिसेंबरचा आहे, त्यामुळे जुनी मालिका नव्या मालिकेला सरळ जोडता येत नाही.

‘मग फक्त नागपूर जिल्ह्याचा दर सांगा’ असा आग्रह होतो. जिल्ह्याचा म्हणून कुणी एका दशांशापर्यंत दर सांगितला तर त्याला विचारा, नमुन्यात माणसं किती होती? श्रमबलातली ४०० माणसं नमुन्यात असली आणि दर ४ टक्के आला, तर बेरोजगार सापडले फक्त १६. इतक्या लहान नमुन्यात खरा दर २ ते ६ टक्क्यांमध्ये कुठेही असू शकतो. नमुना एकेका गावातून, वॉर्डातून गटाने घेतला जातो, म्हणून ही फट याहून रुंदच असते. शिवाय सर्वेक्षणाची कच्ची माहिती फुकट उतरवून घेता येते खरी, पण प्रत्येक नोंदीसोबत दिलेला गुणक, म्हणजे ती नोंद किती माणसांच्या वतीने आहे तो आकडा, न लावता सरळ टक्केवारी काढली की उत्तर चुकतं. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत ही चूक फार दिसते.

आणखी एक गोष्ट आपल्या भागासाठी महत्त्वाची आहे. सर्वेक्षण माणसाला तो राहतो तिथे मोजतं. वर्धा, यवतमाळ, भंडाऱ्याहून पुण्याला गेलेला आयटीआयवाला मुलगा चाकणच्या कारखान्यात लागला तर पुण्याचा रोजगार झाला, नाही लागला तर पुण्याचा बेरोजगार झाला. दोन्ही वेळा त्याचा जिल्हा त्या हिशोबातून बाहेर. गाव रिकामं होऊनही दर सुधारलेला दिसू शकतो.

‘राज्यात इतके लाख नवे रोजगार’ ही बातमी बहुतेक वेळा भविष्य निर्वाह निधीच्या आकड्यांवरून येते. हा निधी २० किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होतो. बुटीबोरीतल्या एका कारखान्यात १९ चे २० कामगार झाले, की नोकरी एकच वाढली, पण यादीत वीस नवी नावं येऊ शकतात. कोराडी-खापरखेड्यासारख्या वीजकेंद्रांत ठेकेदार बदलला, की तोच कामगार एका खात्यातून बाहेर पडून दुसऱ्यात शिरतो. ते ‘पुन्हा सामील’ म्हणून मोजलं जातं, नवीन म्हणून नाही, पण निव्वळ वाढीच्या बेरजेत दोन्ही धरले जातात. आणि मुंबईच्या एजन्सीचा गार्ड हिंगणा एमआयडीसीच्या गेटवर उभा असला, तरी एजन्सीचा कोड मुंबईचा असेल तर नोंद मुंबईकडे. या आकड्यांतून पहिल्यांदाच खातं उघडलेली १८ ते २५ वयाची मुलं तेवढी बघावी, तक्त्यातली ती ओळ बरीच भरवशाची आहे.

रोजगार केंद्राची नोंदणी, म्हणजे आता महास्वयम या राज्य सरकारच्या संकेतस्थळावरची, बेरोजगारी मोजायला उपयोगाची नाही. नोकरी असलेलेही चांगल्या नोकरीसाठी नाव ठेवतात, आणि ठिय्यावरचा मजूर कधी नोंदच करत नाही.

नागपूरकरांनी आकडा मागायचाच असेल तर असा मागावा. नमुना सर्वेक्षणात महाराष्ट्राचे सहा विभाग पाडलेले आहेत. नागपूर, वर्धा आणि अमरावती महसूल विभागातले जिल्हे एका गटात येतात, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली दुसऱ्या गटात. दरवर्षी अर्थसंकल्पाआधी राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयाची आर्थिक पाहणी येते. तिच्यात या सहाही विभागांचा १५ ते २९ वयाचा साप्ताहिक दर, नियमित पगारी कामाचा वाटा आणि लेखी करार नसलेल्यांचं प्रमाण, एवढे तीन रकाने छापावेत. एका वर्षाचा नमुना अपुरा पडत असेल तर एकाच रचनेतली तीन वर्षं एकत्र करावीत, चूक साधारण चाळीस टक्क्यांनी कमी होते. कापूसवाला विदर्भ आणि धानवाला विदर्भ पुण्या-मुंबईच्या सरासरीत मिसळून दाखवायचं कारण त्यानंतर उरत नाही. आमदारांनी हिवाळी अधिवेशनात, इथेच विधानभवनात, ही मागणी लेखी करावी.