साहेबांची एक्झिट लिहिताना

मालिकेतला मुख्य नट सोडून चालला की मराठीत त्याची सोय लावायचे ठरलेले रस्ते आहेत. पात्राला गावी पाठवा, अमेरिकेला पाठवा, घाटात गाडी पाडा. नाहीतर त्याच भूमिकेत दुसरा नट उभा करा आणि खाली पट्टी चालवा. कौटुंबिक मालिकेत हे खपतं, कारण तिथे प्रेक्षकाचा जीव घरात अडकलेला असतो. आमची मालिका ऑफिसातली आणि विनोदी होती. तालुक्याच्या गावातली पतसंस्थेची शाखा, पाच-सहा टेबलं आणि त्या सगळ्यांच्या डोक्यावर बसलेले शाखाधिकारी देशमाने साहेब. साहेब गेले तर उरतं काय? फर्निचर.

नटाला सिनेमा मिळाला होता. करार संपत आला होता, त्याने वाढवला नाही. भांडण नाही, काही नाही. एपिसोडची बँक, म्हणजे आधीच शूट करून ठेवलेले भाग, मात्र जेमतेम होती. चॅनलच्या मीटिंगमध्ये पहिली सूचना आली ती फोटोला हार घालायची. "इमोशनल ट्रॅक होईल, प्रोमो कट होईल," असं क्रिएटिव्हवाल्यांचं म्हणणं. आमच्या मुख्य लेखिका, त्यांना सगळे ताई म्हणतात, शांतपणे म्हणाल्या, "हार घातल्यावर सोमवारी त्याच टेबलावर विनोद कोण करणार? तुम्ही?"

हार घालून दाखवलेलं उदाहरण आहे म्हणा. 'मॅश' या अमेरिकी मालिकेतला कर्नल हेन्री ब्लेक. कोरियन युद्धातलं फिरतं लष्करी रुग्णालय, म्हणजे तेही एक ऑफिसच. ती भूमिका करणारा मॅक्लीन स्टीव्हन्सन मालिका सोडणार होता. 18 मार्च 1975 च्या भागात हेन्रीला घरी जायची परवानगी मिळते, सगळे त्याला हसत-रडत हेलिकॉप्टरपर्यंत सोडतात. मग ऑपरेशन थिएटरमध्ये रडार नावाचा कारकून येतो आणि सांगतो, की त्याचं विमान जपानच्या समुद्रावर पाडलं गेलं, कोणी वाचलं नाही. ते शेवटचं पान बहुतेक नटांपासून लपवून ठेवलं होतं. प्रेक्षकांनी संतापून पत्रं लिहिली. पण तिथे माणूस मारायला युद्ध हजर होतं, लेखकाला वेगळे हात रंगवावे लागले नाहीत. पतसंस्थेत फार तर ऑडिट होतं.

मी ताईंना म्हटलं, आपण 'द ऑफिस'चा, म्हणजे डॉक्युमेंटरीच्या थाटातल्या त्या विनोदी मालिकेचा, सातवा सीझन मांडून बसू. अमेरिकेतला. सगळ्यांनी पाहिलेला होता, पण पाहणं वेगळं आणि फळ्यावर सीन उतरवून काढणं वेगळं. ताईंच्या हॉलमध्ये टीव्ही लावला आणि मी प्रत्येक सीनची एक ओळ लिहीत गेलो: कोण, कोणासमोर, कशासाठी.

त्यातला मुख्य नट स्टीव्ह करेलचा करार सातव्या सीझनपर्यंतच होता आणि हाच आपला शेवटचा सीझन असणार, असं त्याने 2010 मध्येच बोलून दाखवलं होतं. म्हणजे लेखकांना वर्षभराची मुदत मिळाली. ती त्यांनी कशी वापरली ते बघण्यासारखं आहे. स्क्रँटनच्या कागद विकणाऱ्या शाखेचा मॅनेजर मायकल स्कॉट हा पहिल्यापासून एकाच गोष्टीसाठी हपापलेला माणूस: आपलं म्हणायला कोणीतरी हवं, बायको, मुलं, घर. ते मिळत नाही म्हणून तो ऑफिसलाच कुटुंब समजून सगळ्यांच्या मानगुटीवर बसतो. सगळा विनोद तिथून येतो. सातव्या सीझनमध्ये त्याच्या जुन्या प्रेयसीला, होलीला, परत आणलं. मार्च 2011 मध्ये मायकल तिला मागणी घालतो, तीही ऑफिसातच. तिचे आईवडील थकलेत, त्यांना सांभाळायला कोलोरॅडोत जायचं ठरतं. झालं. नट जातोय म्हणून पात्र जात नाही, पात्राला हवं ते मिळालं म्हणून जातं. आणि ज्या भुकेमुळे तो विनोदी होता ती भूक भागल्यावर तिथे राहून त्याने करायचं तरी काय?

मूळ ब्रिटिश मालिकेत हेच उलटं आहे. 2002 साली दुसऱ्या सीझनच्या शेवटी डेव्हिड ब्रेंटला कंपनी नारळ देते आणि तो माणूस चक्क गयावया करतो. बघवत नाही. पण तेही पात्राच्या पोटातूनच आलेलं: ज्याला सगळ्यांनी आवडता साहेब म्हणावं असं वाटत होतं, त्यालाच नको म्हणून सांगितलं जातं.

आता निरोपाचा भाग. 28 एप्रिल 2011 ला दाखवला, नेहमीपेक्षा मोठा, ग्रेग डॅनियल्सने लिहिलेला आणि पॉल फीगने दिग्दर्शित केलेला. युक्ती एवढीच, की मायकल सगळ्यांना सांगतो आपण उद्या जाणार, आणि प्रत्यक्षात आजच निघतो. त्यामुळे निरोप समारंभच होत नाही. तो एकेका टेबलाकडे जातो आणि प्रत्येकाचा हिशोब वेगळा मिटवतो. अकाउंट्समधल्या ऑस्करला स्वतःच्या हाताने केलेली भयाण बाहुली देतो. ऑस्कर कॅमेऱ्यासमोर हसत सुटतो, कारण आपल्याला हे आवडेल असं मायकलला वाटलं म्हणजे त्याने आपल्याला किती कमी ओळखलंय! सेल्समन ड्वाइटला शिफारसपत्र देतो, मग पार्किंगच्या बाजूला दोघे पेंटबॉल खेळतात. मिठी नाही, गोळीबार. त्या दोघांच्यात दुसरं काही शोभलंही नसतं.

दुसरा सेल्समन जिम, त्याचा सीन आम्ही पुन्हा पुन्हा लावला. सगळ्या ऑफिसात जिमच्याच लक्षात येतं, की मायकल आज निघालाय. पण तो तसं म्हणत नाही. म्हणतो, निरोपाचं उद्या जेवताना बोलू, उद्या मी तुला सांगेन की तू किती चांगला साहेब निघालास. दोघांनाही माहीत, उद्या नाहीये. जे बोलायचं ते सगळं बोलून होतं आणि वर "उद्या" हा बुरखा तसाच राहतो. मी फळ्यावर या सीनची ओळ लिहिताना अडलो, कारण 'कशासाठी' या रकान्यात काय लिहावं कळेना. शेवटी ताई म्हणाल्या, "लिही, लाज राखण्यासाठी."

आणि जिमची बायको पॅम, तीही ऑफिसातलीच. ती दिवसभर ऑफिसात नसतेच, त्यामुळे चुकामूक होणार असं वाटत राहतं. विमानतळावर मायकल अंगावरचा माइक काढून कॅमेरावाल्यांना देतो, हे कधी दाखवलंत तर कळवा म्हणतो आणि चालू लागतो. मागून पॅम धावत येते. दोघे बोलतात, मिठी मारतात, आपल्याला ऐकू काही येत नाही, कारण माइक आत्ताच परत केलाय. डॉक्युमेंटरीचा जो फॉर्म पहिल्या भागापासून पाळला होता त्यानेच इथे दार लावून घेतलं. माझ्या मते पूर्ण मालिकेतलं सगळ्यात हुशार लेखन त्या न लिहिलेल्या संवादात आहे.

फळा भरल्यावर मी लगेच म्हटलं, आपणही साहेबांना एक दिवस आधी पाठवू. ताईंनी डोळे वटारले. "तेवढी चोरी सातवीतलं पोरगंही पकडेल. चाल घे, चीज घेऊ नको." मग आम्ही आमचेच जुने भाग काढून बसलो आणि साहेबांना नेमकं काय हवंय ते शोधू लागलो.

ते आमच्याकडे पडूनच होतं. साहेबांची बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, दुसऱ्या जिल्ह्यात. मालिकेत ती कधी दिसली नव्हती, फक्त जेवणाच्या सुट्टीत तिचा फोन यायचा आणि साहेब फोन कानाला लावून डबा खायचे. दरवर्षी ती पती-पत्नी एकत्रीकरणात बदलीचा अर्ज करायची आणि दरवर्षी काहीतरी राहायचं. आम्ही तो विनोद म्हणून लिहिला होता. दुसरा विनोद म्हणजे साहेबांच्या ड्रॉवरमधला राजीनामा. चेअरमनशी वाजलं की ते तो काढत, व्हाइटनर लावून तारीख बदलत आणि परत ठेवून देत. कलाखात्याच्या पोराने त्या कागदावर तारखेच्या जागी व्हाइटनरचा असा थर चढवला होता, की तेवढाच कोपरा पापडासारखा कडक झाला होता. ताईंनी दोन्ही विनोद शेजारी शेजारी मांडले. तिची बदली होत नाही ना, मग हा जाईल. सोमवारी साहेब तोच कागद चेअरमनपुढे ठेवतात आणि चेअरमन सवयीने न वाचताच परत सरकवतात.

निरोप समारंभ चॅनलला हवाच होता. शाल, श्रीफळ, भाषणं, स्लो मोशन. आम्ही समारंभ दिला, पण चेअरमन आदल्या वर्षी रिटायर झालेल्या माणसाचं भाषण वाचतात आणि साहेब दुसऱ्याच्याच गुणांना मान डोलावत बसतात. खरा निरोप ठेवला तो 'नो ड्यूज'च्या फॉर्मवर. नोकरी सोडणाऱ्याला प्रत्येक टेबलाची सही घ्यावी लागते: स्टेशनरी, लॉकरची किल्ली, कर्ज विभाग, कॅश. त्यामुळे साहेबांना झक मारत एकेकाकडे जावंच लागतं. शिपाई सही करण्याआधी त्यांनी नेलेली छत्री मागतो. कर्ज विभागातला पोरगा फॉर्म तपासायचं नाटक करत राहतो, म्हणजे साहेब थोडा वेळ उभे राहतील. मोहिते मॅडम, कॅशियर, पहिल्या भागापासून साहेबांशी सरळ एक वाक्य बोललेल्या नाहीत. त्या म्हणतात, "तुमच्याकडून बावीस रुपये येणं आहे." साहेब खिशात हात घालतात तर त्या काउंटर बंद करतात. "कॅश क्लोज झाली. आता सही नाही होणार." एवढाच सीन. वाचनाला नटाने वही खाली ठेवली आणि चहा मागवला.

भाग झाला, पसंतही पडला. पण एक्झिट हा अर्धाच प्रश्न असतो, उरलेला अर्धा म्हणजे खुर्ची. आणि 'द ऑफिस' तिथे सपशेल गडबडलं. आधी विल फेरेल आणला, चार भागांसाठी. मोठं नाव, पण त्याचं पात्र बास्केटबॉलच्या रिंगला लटकून ती अंगावर पाडून घेतं आणि हॉस्पिटलात जातं. मग सीझनच्या शेवटच्या भागात मुलाखतींना जिम कॅरी, रे रोमानो, चक्क वॉरन बफे. पुढे खुर्ची मिळाली सेल्समधल्या अँडीला, आणि त्याच्या वर जेम्स स्पेडरचा रॉबर्ट कॅलिफोर्निया बसवला. आठव्या सीझनमध्ये या दोघांत मायकलची जागा कोणाची, हे मालिकेलाच ठरवता येत नाही. बोस्टनमधल्या बारवर बेतलेल्या 'चिअर्स'ने हे फार बरं निभावलं. भाबड्या बारटेंडरची, कोचची, भूमिका करणारा निकोलस कोलासांटो 1985 मध्ये वारला, तर त्या बारमागे वुडी आला, तोही भाबडाच, पण खेड्यातून आलेला तरुण पोरगा. कोचची नक्कल करायला कोणी त्याला सांगितलं नाही.

आमच्या चॅनललाही मोठं नाव हवं होतं. ताईंनी खुर्चीच भरली नाही. चार्ज मोहिते मॅडमकडे दिला, प्रभारी. पगार तोच, सह्या दुप्पट, आणि बसणं कॅशच्याच पिंजऱ्यात, कारण केबिनची किल्ली हेड ऑफिसकडून यायचीय. ज्याने महाराष्ट्रात कुठल्याही कार्यालयात दोन फेऱ्या मारल्यात त्याला प्रभारी म्हणजे काय ते समजवावं लागत नाही. आता तिथूनच विनोद निघतात. रेटिंग थोडं उतरलं, मग टिकलं.

परवा चॅनलचा फोन आला, दिवाळी विशेषला देशमाने साहेब परत आणता येतील का. मी त्यांना सांगितलं, की करेलसुद्धा 2013 च्या शेवटच्या भागात आला तो ड्वाइटच्या लग्नापुरता, आणि वाट्याला वाक्यं जेमतेम दोन. त्यांचं म्हणणं, इथे पूर्ण तासाचा भाग हवाय आणि फटाक्यांच्या कंपनीची जाहिरातही त्यातच बसवायची आहे. नटाच्या डेट्स मागवल्यात. ताईंनी मोहिते मॅडमच्या तोंडचं पहिलं वाक्य लिहून ठेवलंय, बावीस रुपयांवरचं व्याज किती झालं ते.