सहा नंबरचा चष्मा

मंगळवार, सकाळ

अतिदक्षता विभागातली रात्रपाळी करून घरी आले, तरी मॉनिटरचा आवाज कानात चालूच आहे. झोप लागण्याआधी कालच्या रात्रीची नोंद करून ठेवते.

संध्याकाळी ओव्हर, म्हणजे आधीच्या पाळीकडून रुग्णांची माहिती, घेताना सहा नंबरच्या खाटेवरील रुग्णाविषयी मला सांगण्यात आले, "पेशंट त्रास देतो, दोनदा नळीला हात घातला, म्हणून हात बांधले आहेत." वय 71, जुना दमा, न्यूमोनिया, व्हेंटिलेटरचा पाचवा दिवस. औषधांचे डोस, लघवीचे माप, रक्तातील वायूंचे आकडे असे सगळे कागदावर होते. या गृहस्थांना घरी काय म्हणतात, एवढे मात्र कोठेच नव्हते. ते मी बाहेर बाकावर बसलेल्या त्यांच्या सुनेला विचारून आले. 'तात्या' म्हणतात.

व्हेंटिलेटरची नळी स्वरतंतूंच्या मधून जात असल्यामुळे पूर्ण शुद्धीवर असलेल्या रुग्णालाही आवाज काढता येत नाही, हे माहीत असूनही ओठ हलवणाऱ्या माणसाकडे आपण पाहतो आणि झोपेचे औषध सोडणाऱ्या सिरिंज पंपाकडे वळतो. तात्यांना मी कागद आणि पेन दिले. कागद डोळ्यांजवळ नेण्यासाठी त्यांनी बांधलेला हात ओढला. एरवी मी याचीच 'अस्वस्थ' अशी नोंद केली असती. काल उजवा हात सोडला आणि शेजारी उभी राहिले. हात नळीकडे गेला नाही. दोन बोटे नाकाच्या दांडीवर टेकली.

दाखल करताना चष्मा, कवळी, अंगठी पिशवीत घालून सही घेऊन आम्ही नातेवाइकांच्या स्वाधीन करतो. नियमात चूक नाही, कारण वस्तू हरवली तर जाब आम्हालाच विचारला जातो. पण त्यामुळे पाच दिवस या माणसाला डोक्यावरचा पांढरा उजेड आणि मास्क लावलेले पुसट चेहरे याखेरीज काही दिसले नव्हते. अतिदक्षता विभागात रुग्ण भ्रमात जातो त्याला आजार आणि झोपेची औषधे कारणीभूत असतातच, परंतु अमेरिकेतील अतिदक्षता तज्ज्ञांच्या संस्थेने 2018 मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत भ्रम टाळण्याच्या बिनऔषधी उपायांमध्ये चष्मा आणि श्रवणयंत्रही आहे. आमच्याकडे भिंतीवर मोठे घड्याळ लावले आहे, आणि ते दिसण्याची सोय पिशवीत बांधून बाहेर पाठवली आहे.

पिशवी सुनेच्या मांडीवरच होती. नळीची पट्टी कानावरून गेल्यामुळे काड्या नीट बसेनात, म्हणून एक काडी पट्टीखाली सरकवली. तात्यांनी आधी घड्याळाकडे पाहिले, बराच वेळ पाहिले. मग वाकड्या अक्षरांत लिहिले, 'वार कोणता'. मी सांगितले, सोमवार, रात्रीचे साडेनऊ, तुम्ही दवाखान्यात आहात, सूनबाई बाहेर आहेत. त्यांनी डोळे मिटले. त्यानंतर नळी साफ करण्याआधी "तात्या, आता खोकला येईल" असे सांगितले, तर त्यांनी हात गादीवरच ठेवला.

बोलायला वेगळा वेळ लागत नाही, असे प्रशिक्षणात सांगतात. हे अर्धेच खरे आहे. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णामागे एक परिचारिका असावी, असा निकष आहे; काल माझ्याकडे तिघे होते. दर दोन तासांनी कूस बदलताना बोलता येते, पण मोकळ्या हातावर लक्ष ठेवायला तेथे थांबावे लागते. पहाटे तीन वाजता चार नंबरचा रक्तदाब कोसळला, तेव्हा तात्यांचा हात मी पुन्हा बांधला. "तात्या, थोडा वेळ बांधते, लगेच येते," असे सांगूनच बांधला. त्यांनी मान दुसरीकडे वळवली. मला परत यायला पन्नास मिनिटे लागली.

सकाळी ओव्हर देताना चार्टवर लिहिले : घरी तात्या म्हणतात, चष्मा उजव्या खणात आहे, चष्म्याशिवाय घड्याळ दिसत नाही, हात सोडल्यास शेजारी थांबावे. यासाठी रकाना नसल्यामुळे ते 'इतर'मध्ये लिहावे लागले.