आमची वाटचाल : एका सिंकवर तीन प्रकारचं पाणी

वडील प्लंबर होते. मी त्यांच्या हाताखाली शिकलो, आणि धाकट्या भावाने आयटीआयमधून वायरमनचा ट्रेड केला. पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला, धायरी-नऱ्हे-आंबेगाव पट्ट्यात इमारती वाढत होत्या, तेव्हा स्वयंपाकघरातल्या गीझरचं काम हमखास अडकायचं. प्लंबर पाइप जोडून निघून जायचा, इलेक्ट्रिशियन दोन दिवसांनी उगवायचा, आणि गळती निघाली की दोघेही एकमेकांकडे बोट दाखवायचे. आम्ही भावांनी एकाच फेरीत दोन्ही कामं करून द्यायला सुरुवात केली. पुढे त्यात वॉटर प्युरिफायर आला. आज स्वयंपाकघरातल्या नळाला गरम आणि शुद्ध पाणी जोडून देणं, एवढंच काम आम्ही करतो.

काम छोटं वाटतं. पण ओट्यावरचा ३ लिटरचा गीझर ३ किलोवॅटचा असतो, म्हणजे २३० व्होल्टला १३ अँपिअर. अनेक घरांत तो मिक्सरच्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर चालवायची तयारी असते. आम्ही १६ अँपिअरचा सॉकेट, वेगळी वायर आणि एमसीबी (जास्त वीज खेचली गेली की आपोआप पडणारा स्विच) असल्याशिवाय हात लावत नाही. अर्थिंग नसेल तर गीझर चालू करून देतच नाही, मग गिऱ्हाईक कितीही नाराज होवो. भांडी घासणाऱ्या मावशींचे हात दिवसभर त्या ओल्या सिंकमध्ये आणि धातूच्या नळावर असतात. त्यांना अर्थिंग तपासायला कोण सांगणार?

दुसरा प्रश्न दाबाचा. गच्चीवरच्या टाकीपासून खाली दर १० मीटरला साधारण १ बार दाब वाढतो. अकरा मजली इमारतीत वरच्या घराला धार येत नाही म्हणून पंप लागतो, आणि खालच्या मजल्यावर प्युरिफायरची नळी जोडातून उडते. त्यामुळे खालच्या मजल्यांवर प्युरिफायरच्या आधी दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवतोच. गीझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह थेंब टाकतो म्हणून काही जण तो बंद करून मागतात. पाणी तापलं की फुगतं, ते जादा पाणी त्या वाटेने बाहेर पडायलाच हवं. आम्ही त्याला नळी लावून ती सिंकच्या ड्रेनमध्ये सोडतो, पण व्हॉल्व्ह बंद करत नाही.

सगळ्यात जास्त चुकीची जोडणी दिसते ती टीची, म्हणजे एका पाइपला दोन वाटा फोडणाऱ्या जोडाची. प्युरिफायरची नळी गीझरच्या अगदी लगत थंड लाइनवरून काढलेली असते, मध्ये एनआरव्ही (पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह) नसतो, आणि फुगलेलं गरम पाणी उलटं येऊन प्युरिफायरच्या मेम्ब्रेनपर्यंत, म्हणजे पाणी गाळणाऱ्या पडद्यापर्यंत, पोचतं. घरगुती आरओचं मेम्ब्रेन साधारण ४५ अंशांपर्यंतच टिकतं. मग पाण्याला चव येत नाही, मेम्ब्रेन लवकर जातं, आणि दोष मशीनवर येतो. म्हणून टी आधी, मग एनआरव्ही, मग गीझर. हा क्रम आमच्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांकडून आम्ही पहिल्याच दिवशी वदवून घेतो.

२०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेत आली, पण पाइपलाइन काही त्याच दिवशी दारात आली नाही. टँकर आणि बोअरवर अवलंबून असलेल्या सोसायट्यांत गीझरची कॉइल क्षाराने पांढरी होते. म्हणून आम्ही आधी टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजतो. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यासाठी लिटरमागे ५०० मिलिग्रॅम ही मर्यादा आहे, दुसरा स्रोतच नसेल तर २०००. खडकवासल्याचं पाणी नळाला येत असेल तर मीटर सहसा दोनशेच्या आतच थांबतो, आणि अशा घरात आरओ लावणं म्हणजे एक लिटर पिण्यासाठी त्याहून जास्त पाणी मोरीत सोडणं. तिथे आम्ही यूव्ही, म्हणजे अतिनील दिव्याने जंतू मारणारा प्युरिफायर, सुचवतो. आरओवर नफा जास्त सुटतो हे आम्हाला ठाऊक आहे, तरीही.

अमेरिकेहून परतलेली काही कुटुंबं सिंकखालची छोटी टाकी सोबत आणतात. ती ९० अंशांच्या आसपास पाणी देते, चहाला लगेच. ती १२० व्होल्टची असते. आपल्या २३० व्होल्टवर लावली तर साडेतीन पटीहून जास्त वीज खेचून जळेल. अशी टाकी आम्ही बसवत नाही. २३० व्होल्टची घेतली तर मात्र आनंदाने बसवतो, आणि तिला आरओचंच पाणी देतो, नाहीतर क्षार बसतो. यातल्या अनेक टाक्या दाब सोसणाऱ्या नसतात. त्यांची बाहेरची वाट कायम उघडी लागते, आणि पाणी अडवायचं ते आत येताना. त्यासाठी सोबत आलेलाच खास नळ वापरावा लागतो. साधा सिंक कॉक लावला तर टाकी फुटते. भिंतीवरच्या आरओतून या टाकीला पाणी देता येत नाही, कारण त्याच्या साठवणीला दाबच नसतो. सिंकखालचा, स्टीलच्या प्रेशर टाकीचा आरओ लागतो.

जानेवारी २०२५ मध्ये याच भागात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण वाढले, दूषित पाण्याचा संशय आला आणि आमचे फोन थांबेनात. त्या आठवड्यांत आम्ही नवी विक्री बाजूला ठेवली. बरेच जण विचारत होते, गीझरचं गरम पाणी प्यायलं तर चालेल का? आम्ही प्रत्येकाला सांगितलं, नाही. गीझर पाणी तापवतो, उकळत नाही, आणि त्याची टाकी पिण्याच्या पाण्यासाठी केलेली नसते. पाणी गॅसवर खळखळून उकळा. जुन्या गिऱ्हाइकांचे फिल्टर आणि यूव्हीचे दिवे आधी तपासून दिले, कारण दिवा निळा दिसतो म्हणजे तो अजून जंतू मारतोय असं नसतं.

तेव्हापासून प्रत्येक घरात सिंकखालच्या दाराच्या आतल्या बाजूला आम्ही प्लॅस्टिकमध्ये घातलेली आकृती चिकटवतो. कोणता अँगल कॉक कशाचा, गीझर बंद करायचा तर आधी काय, फिल्टर कधी बदलला, आणि कोणत्या नळाचं पाणी प्यायचं नाही. भाडेकरू बदलतात, मावशी बदलतात, आकृती तिथेच राहते. ती मराठीत आणि हिंदीत आहे. आता कन्नडमध्येही करतोय, कारण आमच्या भागातल्या बऱ्याच मावशी सीमेपलीकडच्या गावांतून आल्या आहेत.