सोयाबीनचं पोतं आणि ऑडिशन
आज आमच्या गल्लीतल्या एका पोरीची मालिकेसाठीची ऑडिशन घरीच रेकॉर्ड करून पाठवली. आधी परभणीहून देवगिरी एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून मुंबई गाठायची आणि "कळवतो" ऐकून परत यायचं. आता पहिली फेरी तरी मोबाईलवर होते, हे आपल्याकडच्या पोरांसाठी फार चांगलं झालं.

मोबाईल आडवा, मागे कोरी भिंत, तोंड खिडकीच्या उजेडाकडे, कूलर बंद. समोरच्याचे संवाद वाचायला मी कॅमेऱ्याला अगदी खेटून बसलो, म्हणजे तिची नजर भरकटत नाही.

प्रसंग होता, मुलगी बापाला सांगते की मला पुढं शिकायचंय. पोरगी नुसती ओरडत होती. मी विचारलं, "बाप काय करायलाय आत्ता?" ती थांबली. म्हणाली, "सोयाबीनचं पोतं शिवायलाय." मग म्हटलं, तू त्या पोत्याचं तोंड धर आणि बोल. दोन्ही मुठी आवळल्या, आवाज आपोआप खाली आला. डोळे बापाच्या हातातल्या दाभणावर. अंगावर काटा आला हो! मालिकांत ऐकू येते ती ठोकळेबाज गावरान भाषाही गेली, तिच्या घरातली बोली आली.

तिच्या भावाला दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात जायचंय. त्याला म्हटलं, आधी पदवी पूर्ण कर, तिथं ती लागतेच. तोवर नाटकं कर, मिळेल तिथं.

रविवारी सकाळी दहाला अभिनयाच्या सरावाला पुन्हा बसतोय. येणाऱ्यांनी एक स्वगत पाठ करून या.