आमची वाटचाल : खालचा वेग विचारणारं दुकान

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आम्ही पहिला गाळा घेतला, तेव्हा गाडीचा रंग घासून चकचकीत करण्याच्या कामाला गिऱ्हाईक डिटेलिंग म्हणत नव्हतं. "जरा रबिंग मारून दे" एवढंच. मी वॉशिंगवाला, आतेभाऊ पेंटर. हत्यार काय, तर ४ इंची ग्राइंडरला बांधलेला बफ, म्हणजे घासायचं मऊ पॅड. ग्राइंडर मिनिटाला ११,००० फेऱ्यांच्या आसपास पळतो. तो लोखंडासाठी आहे, रंगासाठी नाही, हे आम्हाला एका काळ्या सेडानने शिकवलं.

मागचं डावं दार. आधी वास आला. बफ उचलला तर कडेवर नखाएवढा करडा प्रायमर, म्हणजे रंगाखालचा थर. क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, असतो साधारण ४०-५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि कडेवर त्याहूनही कमी. अख्खं दार रंगवून दिलं, आमच्या पैशाने.

तरी प्रकरण मिटलं नाही. समोर काचेचं दुकान थाटलेल्या एकाने त्या दाराचा फोटो कुठून तरी मिळवला आणि येईल त्या गिऱ्हाइकाला दाखवत सुटला. दार नवं करून दिलं, हे मात्र त्याने एकालाही सांगितलं नाही. तीन महिने गाळ्यात गाडी नाही, भाडं थकलेलं. आतेभावाने दुसऱ्याच्या बूथमध्ये रात्री रंग मारून भाडं भरलं. हे मी विसरलेलो नाही. तो फोटो आणि ते भाडं, दोन्ही विसरलेलो नाही.

आतेभावाच्याच राहिलेल्या पैशात मकिताचं ९२३७सी घेतलं, रंग घासायचं रोटरी मशीन, म्हणजे पॅड एकाच जागी गोल फिरवणारं. १,२०० वॉट, ३ किलोच्या आसपास वजन, पॅड बसवायला एम-१४ आटे. दुकानदार वरचा वेग ऐकवत होता, मिनिटाला ३,२०० फेऱ्या. मी खालचा विचारला. ६००! कंपाउंड, म्हणजे रंग घासायची पेस्ट, पसरायचं ६००ला, कापायचं १,२०० ते १,५००ला. लोकरीचं पॅड असताना त्याच्या वर मी आजही जात नाही. बटण दाबलं की झटका नाही, हळू सुटतं, आणि भार आला तरी फेरे पडत नाहीत. पहिला महिना भंगारातल्या दोन बॉनेटवर घातला.

मग आली डॉक्टरांची मरून फियाट. जुना सिंगल स्टेज रंग, वर क्लिअर कोट नाहीच. बघता बघता पांढरं पॅड लालभडक झालं. माझे हात थांबले. डॉक्टर शेजारी स्टुलावर बसलेले, म्हणाले, "निघू दे रे, वरचा मेलेला रंग आहे तो." फोटो त्यांनीही पाहिला होता. त्यांच्या घरातल्या पुढच्या सगळ्या गाड्या आमच्याकडेच आल्या.

नंतर दुसरा गाळा झाला, चार पोरं कामाला लागली.

आता पोरं विचारतात, ड्युअल ॲक्शन (पॅड फिरता फिरता डोलवणारं मशीन) असताना रोटरी कशाला? अरे, खोल ओरखडा आणि वाळून गेलेला रंग रोटरी निम्म्या वेळात काढते. फक्त शेवटचा हात ड्युअल ॲक्शनने फिरवा, नाहीतर उन्हात हॉलोग्राम, म्हणजे पॅडचे गोल चमकते माग, नाचतात. आणि रोटरी घ्यायला जाल तेव्हा पॅड लावून दहा मिनिटं हातात आडवी धरा, मनगट काय ते सांगेल. मोटरचे झिजणारे कार्बन ब्रश गावात मिळतात का विचारा. काम सुरू करण्याआधी गेजने रंगाची जाडी मोजा. वायर खांद्यावरून घ्या, बॉनेटवर घासू देऊ नका.

ते पहिलं मशीन अजून चालतं. कार्बन कितीदा तरी बदलले, बेअरिंग एकदा. काळी गाडी आली की आतेभाऊ तेच काढतो. दारांच्या कडांना मास्किंग टेप मात्र मी स्वतः लावतो.