मागच्या गंजाला विचारून ब्रेक मारा

नागपुरात माझा केटरिंगचा धंदा आहे, आणि या धंद्यात ड्रायव्हिंग हे अर्धं स्वयंपाकाचंच काम आहे. गंजातला, म्हणजे मोठ्या पातेल्यातला, पाटोडीचा रस्सा कितीही फक्कड जमू दे, मानेवाड्याहून कोराडी रोडच्या हॉलपर्यंत जाताजाता त्याची तर्री मॅटवर सांडली तर पंगतीत वाढायचं काय? माझी आधीची गाडी ओम्नी, आताची ईको. दोन्ही चालवून माझं मत पक्कं झालंय की व्हॅन मागच्या मालाच्या हिशोबाने चालवायची असते, ड्रायव्हरची घाई त्यात धरायची नसते. सध्या डिलिव्हरीला एक नवा मुलगा ठेवलाय. कार छान चालवतो. त्याला शिकवताना जे सारखं बोलावं लागतं, ते इथे लिहून काढते, म्हणजे माझा घसा तरी वाचेल.

शिकवणी मागच्या दारातूनच सुरू होते. पन्नास लिटरचा भरलेला गंज म्हणजे भांडं धरून पन्नास किलोंच्या वर वजन. तो पुढच्या सीटच्या पाठीला लागून, खाली, मधोमध. मागच्या दाराजवळ फक्त पत्रावळी, द्रोण, पोळ्यांचे डबे. जड माल मागच्या चाकांच्याही मागे गेला की गाडीचं तोंड हलकं होतं आणि स्टिअरिंग हातात पोकळ लागतं. गंजाखाली स्कूटरचा जुना टायर आडवा टाकायचा आणि बूड त्यात रुतवायचं. चुंबळ घालून पाहिली होती, ती घसरते. टायर घसरत नाही. वर झाकण, झाकणावरून कडीला कडी बांधलेली सुतळी, आणि बाहेरून पट्टा. हे सगळं करायला वेळ लागतो आणि नेमकं त्याच वेळी हॉलवरून फोन येतो, "काकू, निघाल्या का?" निघालो म्हणायचं आणि पट्टा आवळत राहायचं.

गंज अर्धा भरलेला नेऊ नये, ही गोष्ट मुलाला पटायला वेळ लागला. त्याचं म्हणणं, कमी माल म्हणजे कमी त्रास. पण अर्ध्या गंजात रस्सा हिंदकळायला मोकळा असतो. तुम्ही ब्रेक मारता, गाडी थांबत येते आणि तेवढ्यात आतली लाट पुढे येऊन गाडीला पुन्हा एक ढुशी देते. वळणावर तीच लाट बाजूला जाते. त्यापेक्षा दोन लहान गंज काठोकाठ बरे. १९ किलोचं सिलिंडर न्यायचं असेल तर तेही उभं आणि बांधलेलं, काचा उघड्या. लोखंड धरून त्याचं वजन जवळपास दुप्पट भरतं आणि जोरात ब्रेक लागल्यावर ते कुणाच्या पाठीत येईल ते सांगायची गरज नाही.

मग सीटवर बसायचं. ओम्नी १९८४ साली मारुती व्हॅन म्हणून आली आणि २०१९ मध्ये बंद झाली. तिच्यात पुढचं चाक जवळजवळ आपल्या बुडाखालीच असायचं. वळताना कारच्या सवयीने लवकर स्टिअरिंग फिरवलं की मागचं चाक फुटपाथच्या कडेवर चढलंच. ईकोला पुढे थोडंसं नाक आहे, तरी फार फरक समजू नका. इंजिन दोन्हींत सीटखाली, म्हणजे मे महिन्यात वरून ऊन आणि खालून भट्टी. आणि नाक लहान असल्यामुळे समोरच्या ट्रकच्या आणि आपल्या गुडघ्यांच्या मध्ये फारसं काही नसतं. पट्टा लावल्याशिवाय किल्ली फिरवू देत नाही मी, गल्लीतल्या गल्लीत जायचं असलं तरी.

आमच्या ईकोला पॉवर स्टिअरिंग नाही. उभ्या गाडीत दोन्ही हातांनी पिळत बसलं की खांदे भरून येतात आणि टायर घासतात. गाडी किंचित सरकू द्यायची आणि मग फिरवायचं. इतवारीच्या गल्लीत हे ज्याला जमलं तो पास. चप्पल घालून चालवायचं नाही, मागे पट्टा असलेली सँडल गाडीत ठेवलेली असते. साडी नेसून चालवते म्हणून मला बायका विचारतात, तर हो, चालवते. निऱ्या वर खोचायच्या, काठ क्लचखाली जाता कामा नये, एवढंच.

माल भरला की आतला आरसा शोभेचा. मागे गंजांची भिंत असते, त्यामुळे बाहेरचे दोन आरसे हेच डोळे. ते माल भरून झाल्यावर लावायचे, कारण मागून गाडी बसते आणि आरशात मागच्या गाड्यांऐवजी जवळचा रस्ताच दिसायला लागतो. टायरची हवाही तशीच. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे आकडे असतात ते पाहायचे, आणि हवा सकाळी टायर थंड असताना तपासायची. दुपारी सिमेंट रोडवरून आलेल्या तापलेल्या टायरमध्ये काटा जास्तच दाखवणार. तो पाहून हवा सोडली की संध्याकाळी टायर बसलेला.

ब्रेकबद्दल मात्र मी रोज बोलते. ४० ऐवजी ६० ने गेलं की ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला लागणारं अंतर दुपटीहून जास्त होतं, आणि ६० च्या वेगात पाय ब्रेकवर जाईपर्यंतच्या एका सेकंदात गाडी सोळा-सतरा मीटर पुढे गेलेली असते. म्हणून वर्धा रोडवर पुढची गाडी मेट्रोच्या खांबापाशी गेली की आपण त्याच खांबापाशी पोचेपर्यंत मोजायचं, एक हजार एक, एक हजार दोन... रिकाम्या गाडीत दोनपर्यंत चालेल, भरलेल्या गाडीत चार. मुलगा म्हणतो, "काकू, एवढी जागा सोडली तर मध्ये ऑटोवाला घुसते ना!" घुसू दे बाप्पा. तो घुसला की पुन्हा एकपासून मोजायचं. पुढे सिग्नलवर तो आपल्याच शेजारी उभा असतो.

एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी सोय, असलेल्या गाडीत खरंच अडचण आली तर ब्रेक पूर्ण दाबून धरायचा. पायाखाली पेडल थरथरतं, घाबरून पाय उचलायचा नाही, आणि त्याच वेळी स्टिअरिंगने बाजूला काढायचं. तिथे रस्सा गेला तरी चालेल. एरवी मात्र ब्रेक असा लागला पाहिजे की सुतळीला ताण कळू नये.

माल उतरवून परत येताना मुलगा सैल सुटतो, आणि मला काळजी तिथेच असते. ईको मागच्या चाकांवर चालते. रिकामी झाली की मागचा भाग हलका, आणि पहिल्या पावसात रस्त्यावरची धूळ-तेल ओली झालेली असताना वळणावर ॲक्सिलेटर दाबला की शेपटी फिरते. त्यात गाडी उंच आणि चपट्या अंगाची. बुटीबोरीकडे जाताना ट्रकला ओव्हरटेक करताना आधी वारा ढकलतो, मग ट्रकच्या पुढे निघताना झटका बसतो. दोन्ही हात स्टिअरिंगवर, आणि फोन डॅशबोर्डच्या कप्प्यात. नरेंद्रनगरच्या पुलाखाली पाणी साचलं असेल तर फिरून यायचं. सीटखाली इंजिन आहे, हे पाण्याला माहीत असतं.

रिव्हर्सला मदतनीस उतरलाच पाहिजे, आणि तो माझ्या आरशात दिसला पाहिजे. मागे उभा राहून "येऊ द्या, येऊ द्या" ओरडणाऱ्याचा काही उपयोग नाही. आमची रीत अशी की पत्र्यावर एक थाप म्हणजे थांब, दोन थापा म्हणजे ये. हॉलवरचे पाव्हणे मदतीला धावून येतात आणि चौघं चार दिशा दाखवतात. अशा वेळी हँडब्रेक ओढून स्वतः उतरून बघून यायचं. सरकत्या दाराचंही तसंच. उतारावर गाडी उभी असेल तर दार आपोआप बंद होतं, म्हणून लहान मुलांना त्याच्याजवळ फिरकू द्यायचं नाही.

कायद्याचं म्हणाल तर ६ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की साध्या एलएमव्ही, म्हणजे हलक्या मोटारीच्या, लायसन्सवर ७५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडीही चालवता येते. मुलाने हे मला मोबाइलवर वाचून दाखवलं. मी म्हटलं, छान, आता रामझुला पुलाच्या चढावर भरल्या गाडीत हाफ क्लचवर न लटकता हँडब्रेकने गाडी उचलून दाखव. दाखवली त्याने, इंजिन बंद न पाडता. रिंगरोडच्या आतल्या ऑर्डर आता तो एकटा नेतो.

रामटेकच्या गडावर जेवणाची ऑर्डर आली आहे. ती गाडी मी नेणार. चढताना कुणीही चढतं. उतरताना दुसऱ्या गिअरात इंजिनवर गाडी कशी धरायची आणि ब्रेक तापू न देता खाली कसं यायचं, ते त्याने शेजारी बसून बघायचंय. उतरताना गंज रिकामे असतील, तरी सुतळी बांधलेलीच राहणार.