टाकी पुढे आली, पण पेट्रोल आत जाईना : माझा अनुभव

ऑफ-रोड गाडीची टाकी हलवायची म्हटलं की ज्याला त्याला पंपाची, वायरिंगची आणि वेल्डिंगची काळजी लागते. मलाही सगळ्यांनी तेच विचारलं. पेट्रोल आत शिरताना आतली हवा कुठून निघणार, हे एकानेही विचारलं नाही, आणि माझं काम नेमकं तिथेच अडकलं. अजूनही पंपावर नोझलचा खटका पडला की माझं डोकं फिरतं.

गाडी लॅडर चॅसीची, म्हणजे खाली शिडीसारखा वेगळा लोखंडी सांगाडा असलेली, जुनी फोर बाय फोर. मूळ टाकी मागच्या ॲक्सलच्याही मागे, बंपरलगत लटकलेली. उंच दगडावरून उतरताना शेपूट आपटायचं आणि सगळा मार टाकीखालच्या पत्र्यावर बसायचा. शिवाय ॲक्सल थोडा मागे न्यायचा होता, आणि टाकी तिथे असेपर्यंत ते होणार नव्हतं. म्हणून मागची सीट काढून त्या जागी ६० लिटरची नवी ॲल्युमिनियमची टाकी बसवायची ठरली. मध्ये पत्र्याची बंद भिंत, ही अट माझी. वास आणि गळती दोन्ही माणसांपासून लांब राहायला हवी. ६० लिटर पेट्रोल म्हणजे साधारण ४५ किलो. तेवढं वजन ॲक्सलच्या मागून पुढे आलं, हा वरचा फायदा.

जुनी टाकी काढण्यात सांगण्यासारखं काही नाही. पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवलं, म्हणजे लाइनमधलं प्रेशर उतरतं. बॅटरीची निगेटिव्ह सोडली, टाकी रिकामी करून उतरवली. हे काम खड्ड्यावर करू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि खड्ड्यात साचून राहते.

बसवण्याच्या बाबतीत एकच हट्ट धरला. गाडी आडव्यातिडव्या जागी चढते तेव्हा चॅसी पिळवटते. टाकी चारही कोपऱ्यांत घट्ट आवळली तर तो पीळ टाकीत उतरतो आणि वेल्डिंगला तडे जातात. तीन ठिकाणी आधार आणि मध्ये रबरी बुश, एवढं केलं की चॅसी पिळली तरी टाकी तशीच राहते. फॅब्रिकेटरला हे पटायला वेळ लागला, पण केलं त्याने.

मग पहिल्यांदा पेट्रोल भरायला गेलो आणि खटका. पुन्हा दाबलं, पुन्हा खटका. सुरुवातीचे थोडे लिटर झरझर गेले, त्यानंतर दर दोन-तीन सेकंदांनी नोझल बंद. मागे रांग लागलेली, पंपावरचा मुलगा माझ्याकडे बघतोय आणि काटा काय वाट्टेल ते दाखवतोय. (काट्याचं वेगळंच प्रकरण आहे, पुढे येतं.)

फॅब्रिकेटरचं उत्तर तयारच होतं. "साहेब, बाहेरून बनवलेल्या टाक्यांचं असंच असतं. नोझल अर्धी दाबा, हळूहळू भरा." मी म्हटलं, कंपनीच्या टाकीत जातं, मग हिच्यात का नाही? तर म्हणे पंपाचं नोझल खराब असेल. दुसरा पंप झाला, तिसरा झाला. नोझल उलटं धरून बघितलं, अर्धं बाहेर ओढून बघितलं. थोडा फरक पडायचा, खटका काही जायचा नाही. गॅरेजमध्ये कॅनने ओतलं की सगळं सुरळीत जायचं, त्यामुळे त्याच्या दृष्टीने टाकी निर्दोष!

नोझल काम कसं करतं ते एकदा समजून घेतलं की भांडायला बळ येतं. नोझलच्या टोकाजवळ एक बारीक भोक असतं. पेट्रोल वाहत असताना त्यातून थोडी हवा ओढली जात असते. पेट्रोल चढून ते भोक बुडालं की हवा तुटते, आतल्या पडद्यावर ओढ बसते आणि खटका पडतो. टाकी भरली की नाही हे नोझलला कळतच नाही, भोक बुडालं एवढंच कळतं. पंप मिनिटाला ३५-४० लिटर सोडतो. म्हणजे टाकीतून तेवढीच हवा तितक्याच वेगाने बाहेर पडायला हवी. बाटलीच्या तोंडात फनेल घट्ट बसवून भसकन ओतून बघा, तोच प्रकार.

माझ्या टाकीच्या वरच्या प्लेटवर हवेला दोन वाटा होत्या. एक रोलओव्हर व्हॉल्व्ह, गाडी उलटली तर आतली गोळी बसून पेट्रोल अडवणारा. तो हवाच, पण त्याचं भोक बारीक. रोजच्या उन्हात वाफ सोडायला पुरतं, भरताना नाही. दुसरी वाट म्हणजे भरण्याच्या तोंडाशी जाणारी ब्रीदरची नळी. ती ६ मिलिमीटरची निघाली, आणि तीही चाकाच्या कमानीवरून खाली उतरून पुन्हा वर चढवलेली. टाकी वर आली होती, तोंड जुन्याच जागी होतं, त्यामुळे मुळातच उतार जेमतेम. तिचं वरचं टोक सोडवून भांड्यात वाकवलं, तर पेलाभर पेट्रोल भळकन खाली आलं. नळीला झोल होता आणि झोलात पेट्रोल साचून बूच बसलं होतं. फॅब्रिकेटर उकिडवा बसून भांड्याकडे बघत राहिला. "हळू भरा" हे मात्र पुन्हा ऐकू आलं नाही.

आता ब्रीदरला जाड नळी हवी, आणि ती जोडायला टाकीच्या वर मोठी तोटी हवी. तो म्हणाला, टाकी पाण्याने विसळतो आणि लगेच वेल्डिंग करून देतो. मी गाडीची चावी खिशात घातली. पेट्रोल राहिलेल्या टाकीला वेल्डिंगची ठिणगी दाखवायची नाही. हवेत जेमतेम दीड टक्का वाफ असली तरी ती पेटते, म्हणून रिकामी दिसणारी टाकी भरलेलीपेक्षा घातक. मार्ग सोपा होता. वरची प्लेट बोल्टची होती. नवी प्लेट बाहेरच बनवून घ्यायची, तिलाच १६ मिलिमीटरची तोटी लावायची, म्हणजे टाकीला हात लावायला नको.

प्लेट झाली आणि गाडी गॅस्केटसाठी उभी राहिली. साधं रबर पेट्रोलमध्ये फुगतं, नायट्राइल किंवा व्हिटॉन हवं. "उद्या येतंय" ऐकून ऐकून कान किटले. तेवढ्यात भरण्याचं तोंड वीतभर वर सरकवून घेतलं आणि नवी ब्रीदर नळी टाकीपासून तोंडापर्यंत सलग चढती नेली. कुठेही झोल नाही, क्लिपा जवळजवळ.

तोटीचं आतलं टोक प्लेटच्या थोडं खाली उतरवून घ्या. पेट्रोल त्या टोकाला टेकलं की हवा अडते आणि टाकी तिथेच थांबते, वर पोकळी उरते. ती लागते, कारण २० अंशांनी तापलं तर ६० लिटर पेट्रोल लिटरभराहून जास्त फुगतं. जीप रँग्लरच्या वायजे मॉडेलची १५ आणि २० गॅलनची टाकी मुळात एकच होती, फरक फक्त आतली हवेची नळी किती खाली येते याचा.

नोझल पूर्ण दाबून टाकी भरली तेव्हा खटका एकदाच पडला, शेवटी.

राहिलेलं, आठवेल तसं. इंजेक्शनच्या गाडीला (जिच्यात पेट्रोल जास्त दाबाने जातं) साधी पेट्रोलची नळी चालत नाही, ३०आर९ हा दर्जा छापलेली घ्या. टाकीच्या आत बुडणारा तुकडा ३०आर१०चाच, दुसऱ्या नळीचं बाहेरचं रबर पेट्रोलमध्ये सुटतं. रबरी बुशवर बसलेली टाकी चॅसीपासून तुटलेली असते, म्हणून टाकी आणि भरण्याचं तोंड दोन्हींना अर्थिंगची वायर द्या.

आणि काटा. माझ्या मीटरला रिकामी टाकी म्हणजे २४० ओहम आणि भरलेली म्हणजे ३३. नव्या टाकीसोबत आलेला फ्लोट (पेट्रोलची पातळी मोजून मीटरला कळवणारा तरंगता भाग) ० ते ९०चा, रिकामीला ०. म्हणजे टाकी कोरडी पडली की काटा फुलच्याही पलीकडे. टाकी मागवण्याआधी जुन्या फ्लोटला मल्टिमीटर लावून दोन्ही टोकांचे आकडे घ्या आणि तेच आकडे विक्रेत्याकडून लिहून घ्या. मी शेवटी फ्लोटच बदलला, मीटर उघडण्यापेक्षा ते स्वस्त पडलं.